सरांचे दहा किलोमीटर

नाशकात दहा किलोमीटर दोन प्रकारचे आहेत. एक साऱ्या जगाचे आणि एक गायधनी सरांचे.

सरांचे दहा मखमलाबादच्या मारुतीपासून निघतात, द्राक्षबागांमधून मातोरीच्या अंगाला जातात, पाटाच्या पुलाला वळसा घालतात आणि फिरून मारुतीपाशी येऊन टेकतात. या रस्त्यावर पळून पळून सरांच्या हाताखालची निदान शंभर पोरं-पोरी नाव काढून गेली. कुणी रेल्वेत लागलं, कुणी पोलिसात, कुणी सैन्यात. त्या शंभरांतल्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की माहीत होती, आणि ती फक्त दोन माणसांना माहीत नाही असं सगळे धरून चालले होते. एक स्वतः वेणीमाधव गायधनी सर आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी सरोजिनीकाकू. गोष्ट अशी, की सरांचे दहा किलोमीटर दहा नाहीत. दहा किलोमीटर आणि वर तीनशे दहा मीटर आहेत.

चूक घडली सत्त्याण्णव साली. सर तेव्हा पंचवटीतल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. घराणं तीर्थोपाध्यायांचं. भावांनी गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, यजमानांची सोय बघावी आणि याने मात्र पहाटे उठून पोरं पळवावीत, याचं घरातल्या म्हाताऱ्यांना कोण दुःख! रस्ता मोजायचा म्हणून सरांनी आपली सायकल काढली, मागच्या चाकाच्या तारेला लाल चिंधी बांधली, चाकाचा घेर दोरीने मोजला आणि कॅरियरवर काकूंना बसवलं. काकूंचं काम एवढंच, की चिंधी वर आली की एक मोजायचा आणि शंभर झाले की एका पिशवीतला चिंचोका दुसऱ्या पिशवीत टाकायचा.

काकू मोजायला हुशार. पण मातोरीच्या अलीकडे कमळाबाईंची बैलगाडी शेजारून चालू लागली. कमळाबाई तिथल्या बागेच्या मालकीण, आणि काकूंच्या धाकट्या बहिणीचं लग्न नुकतंच ठरलेलं. मुलगा काय करतो, येवल्याचाच का, पैठणी घरच्या मागावरची घेणार की दुकानातली? एवढं कुणी आपुलकीने विचारल्यावर माणसाने चिंधीकडे बघत बसायचं का? सर पुढे खड्डे चुकवण्यात गुंग होते. चिंधी आपली फिरत राहिली. हे सगळं पुढे कमळाबाईंनीच पोरांना सांगितलं आणि "सरांच्या कानावर गेलं तर माझ्याशी गाठ आहे," असंही बजावलं.

या चुकीने सरांचं भलंच केलं. पोरं दहा समजून सव्वादहाच्या वर पळायची आणि खऱ्या शर्यतीत खरे दहा आले की वाऱ्यासारखी सुटायची. गायधनींची पोरं शर्यतीत फुलतात, असं महाराष्ट्रभर झालं. पुढे अंतर सांगणारी घड्याळं आली, मोबाइल आले, आणि एकेकाला कोडं उलगडलं. सरांसमोर पळताना घड्याळं-मोबाइल त्यांच्या कापडी पिशवीत टाकावी लागत. पण सर नसताना कोण अडवणार? तरी कुणी तोंड उघडलं नाही. कारण नव्या पोराला पहिल्या दिवशी काकू हातावर लाडू ठेवून सांगत, "हा रस्ता मी मोजलाय हो. चिंचोक्यांवर." त्या चेहऱ्याकडे बघून तीनशे दहा मीटर परत मागायची कुणाची छाती होणार? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही.

उज्वला आहेरनेही ही मूठ कित्येक वर्षं झाकून ठेवली होती. ती देवळ्याकडची. कांद्याच्या शेतात वाढलेली, सतराव्या वर्षी नाशकात आलेली, सरांच्या घरी काकूंच्या हातचं मेतकूट-भात खाऊन मॅरेथॉनपटू झालेली. नाशिकरोडला रेल्वेत नोकरी, सातपूरच्या कारखान्यातला नवरा मनोज, सहा वर्षांची यशश्री. चार वेळा राष्ट्रीय मॅरेथॉन पळाली, एकदा तिसरी आली. मग बाळंतपण झालं, आणि दोन वर्षांपूर्वी नडगीच्या हाडाला चीर गेली. आठ महिने ती पायाला पट्टा बांधून घरात बसली होती. सगळे म्हणाले, संपलं. ती उठली आणि पुन्हा मारुतीपाशी येऊन उभी राहिली. पहिल्या दिवशी एक किलोमीटर, तोही चालत.  सर तिच्या बरोबरीने चालले.

आता ती चौतीस वर्षांची होती आणि फेब्रुवारीत दिल्लीची राष्ट्रीय मॅरेथॉन होती. दोन तास चव्वेचाळीस मिनिटांच्या आत येईल तिला देशाच्या शिबिरात जागा. नाही आली, तर खेळाची सवलत बंद आणि रोज आठ तास तिकिटाची खिडकी. खिडकीत वाईट काही नाही, पण उज्वलाला खिडकीत बसायचं नव्हतं. तिला पळायचं होतं. असं सरळ सांगायला लोक लाजतात. ती लाजत नसे.

दिल्लीच्या अर्जावर प्रशिक्षकाची सही लागे, आणि सरांच्या सहीला एक अट होती. बायकांनी तीन फेऱ्या दोन तासांत पुऱ्या करायच्या. एक सेकंद वर गेला तरी सही नाही. राग नाही, लोभ नाही, वशिला नाही. पूर्वी एकदा सरांनी सख्ख्या पुतण्याला घरी पाठवलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उज्वला अटीसाठी पळाली. थंडी अशी, की बोटं बधिर. पहिली फेरी चाळीस मिनिटं पाच सेकंद. दुसरी चाळीस वीस. तिसऱ्या फेरीत ती कमळाबाईंच्या बागेपाशी आली, आणि मनाने नेहमीचं गाणं सुरू केलं. इथून पुढचं तसं फुकटचंच आहे गं. खरे तीस तर पाटाच्या पुलापुढे थोड्याच अंतरावर संपतात. वरचे नऊशे मीटर म्हणजे चिंचोके. हे गाणं मोठं लाघवी होतं. पाय कधी सैल पडले ते तिलाही कळलं नाही. मारुतीपाशी आली तेव्हा सरांच्या हातातल्या घड्याळात दोन तास तीन मिनिटं झाली होती.

सरांनी ते तिला दाखवलं आणि खिशात टाकलं. मग फार हळू आवाजात म्हणाले, "उज्वला, पुरे आता."

सतरा वर्षांत सरांनी तिला कधी पुरे म्हटलं नव्हतं. रिक्षात बसेपर्यंत ती शहाण्यासारखी वागली आणि मग म्हसरूळचा सिग्नल येईपर्यंत हमसून हमसून रडली. रिक्षावाल्याने न विचारता भक्तिगीतं बंद केली.

घरी मनोज म्हणाला, "पण ते अंतर जास्त आहे ना? सांगून टाक की. गणित साधं आहे."

गणित साधंच होतं. तिने शंभरदा केलं होतं. सरांची अट तीस किलोमीटरला दोन तास. ती पळाली जवळजवळ एकतीस. म्हणजे खऱ्या तीसला तिला दोन तासांहूनही कमी वेळ लागला. ती पास होती! एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य काकूंच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बोलायचं होतं.

"तुम्हाला नाय कळायचं," ती मनोजला म्हणाली. तो बिचारा यशश्रीच्या वेण्या घालू लागला.

मंगळवारी ज्ञानेश घरी आला. ज्ञानेश सरांचा जुना चेला, उज्वलाहून पाच वर्षांनी मोठा. मखमलाबादला त्याची द्राक्षांच्या कलमांची रोपवाटिका आहे. दोन हजार अकरा साली तोही अटीसाठी पळाला होता. पुरुषांची अट एक तास पंचेचाळीस मिनिटं. त्याला चाळीस सेकंद जास्त लागले. सरांनी मान हलवली, ज्ञानेशने बूट काढून झोळीत टाकले, आणि त्यानंतर तो त्या रस्त्यावर ट्रॅक्टर घेऊनच दिसला. अंतराची गोष्ट त्याला कळली तीन वर्षांनी, उज्वलाच्याच घड्याळामुळे.

"तू सांग," तो म्हणाला. "लय विचार नको करू."

"तू का नाय सांगितलं मग, दादा?"

ज्ञानेश हसला. "सांगून काय, माझी तीन वर्षं परत येणार होती? काकूंनी मात्र जेवण सोडलं असतं. मला आपलं कळलं ना, की मी पास होतो. तेवढ्यावर माझी झोप बरी लागते. पण तुझं अजून व्हायचं हाय. तुला अजून दिल्ली हाय." आणि जाताना चपलेत पाय घालता घालता म्हणाला, "माझ्यासारखं नको करू गं. मी बूट काढले तेव्हा कुणी अडवलं असतं, तर बरं झालं असतं."

त्या बोलण्याने उज्वलाचा धीर झाला. गुरुवारी ड्यूटी संपल्यावर ती पंचवटीत सरांच्या घरी गेली.

काकू स्वयंपाकघरात तिळगुळासाठी तीळ निवडत होत्या. सर ओसरीवर वर्तमानपत्राची घडी घालत होते. "ये गं बाई, वाळलीस किती!" असं काकू आतूनच म्हणाल्या. उज्वला सरांसमोर बसली.  मनात घोकलेलं वाक्य तिने एका दमात सुरू केलं.

"सर, ती आपली फेरी आहे ना, तिचं अंतर..."

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. उठले, टोपी घातली आणि चपला सरकवल्या.

"आम्ही जरा गंगेवर जाऊन येतो गं," ते आत ओरडले.

"आत्ता? चहा टाकलाय ना!"

"आलोच."

घाटावर संध्याकाळची गर्दी होती. यात्रेकरू ओल्या कपड्यांनी फोटो काढत होते. सर पायऱ्यांच्या एका कडेला बसले आणि शेजारची पायरी त्यांनी रुमालाने झटकून दिली.

"दहा किलोमीटर तीनशे दहा मीटर," सर म्हणाले. "एवढंच सांगायचं होतं ना?"

 कित्येक वर्षं ज्या माणसापासून एक गोष्ट लपवली, त्या माणसाने ती खिशातून शेंगदाणे काढावेत तशी काढून दाखवली होती.

"तुम्हाला कधीपासून..."

"दोन हजार चार. ही येवल्याला गेली होती, बहिणीच्या बाळंतपणाला. मला शंका होतीच. पोरं शर्यतीत एवढी कशी फुलतात? मी काही जादूगार नाही. मोजणी खात्यात माझा मित्र होता. दांड्याला चाक लावलेलं त्याचं यंत्र आणलं आणि ढकलत चाललो. दोनदा मोजलं."

"मग सांगितलं का नाही, सर?"

"कुणाला, हिला?" सरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमच्या घरात पळण्याचं सगळं माझं. पोरं माझी, नाव माझं, पेपरात फोटो माझा. हिने आयुष्यभर तुमचे डबे भरले. पण 'हे मी केलं' म्हणून ती फक्त तो रस्ता दाखवते. तो कसा काढून घेऊ?"

उज्वलाचे डोळे भरून आले. पण ती कांदेवाल्यांची लेक, मुद्दा सोडणारी नव्हे. "सर, मग मी पास आहे. तीसला दोन तास ही तुमची अट. मी एकतीस पळाले."

"अट कधीची आहे?"

"म्हणजे?"

"तुझ्या आधीच्या पोरींना विचार. पूर्वी एक तास साडेछप्पन्न मिनिटं होती. रस्ता यंत्राने पुन्हा मोजला त्याच वर्षी मी साडेतीन मिनिटं वाढवली. पुरुषांचीही वाढवली. सगळे म्हणाले, गायधनी मऊ पडला. म्हटलं, पडू दे." सर तिच्याकडे वळले. "दोन तास आहेत ते खऱ्या अंतराचे, उज्वला. तुझ्या घड्याळातल्या अंतराचे. रविवारच्या वेगाने दिल्लीत तू किती वेळात पोचतेस?"

हे गणितही तिला येत होतं. येत होतं, पण तिने ते एकदाही केलं नव्हतं. आता घाटाच्या पायरीवर तिने ते केलं. वर बघायचं धाडस होईना.

"दोन सत्तेचाळीस."

"त्यात शेवटचे सेकंद गिळलेस. जवळजवळ अठ्ठेचाळीस. आणि दिल्लीला काय लागतं?"

"चव्वेचाळीस."

"नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणणार नाही. अंगण वाकडं आहे, मान्य. पण ते वाकडं धरूनच मी नाच बसवलाय."

 तिला सरांचा राग आला नाही, स्वतःचा आला, आणि तो सणसणीत आला. ते नऊशे तीस मीटर तिने किती ठिकाणी वापरले होते! थकली की तेच, हरली की तेच, सकाळी उठवेना की तेच. एकाच पोळीवर रोज नवं तूप.

"मला वाटलं, माझी नडगी बघून तुम्ही पुरे म्हणालात," ती शेवटी म्हणाली.

"हाड ठीक आहे तुझं. मी तिसऱ्या फेरीत स्कूटरवरून तुझा चेहरा बघितला. तू बागेपाशी सूट घेतलीस. ज्याने मनात सूट घेतली त्याला बेचाळीस किलोमीटरवर पाठवणं म्हणजे त्याचं हाड पुन्हा मोडणं. ते मला बघवणार नाही." सरांनी रुमालाची घडी केली. "पहिल्या वेळी बघितलंय मी. पुरे झालं."

घाटावरचे दिवे लागले. उज्वलाच्या मनात एकदम ज्ञानेशचं नाव आलं.

"सर, ज्ञानेशदादाचे चाळीस सेकंद..."

"खरे होते," सर म्हणाले. "त्याचा बिचाऱ्याचा समज काय आहे, ते मला ठाऊक आहे. तू त्याला सांगू नकोस." मग ते पाण्याकडे वळले. "त्याने दुसऱ्यांदा पळतो म्हणायला हवं होतं. मी चार दिवस वाट बघितली. तो आला नाही, आणि मीही गेलो नाही. नियम म्हणजे नियम! तेव्हा मी फार ताठ होतो. अजून आहे, पण तेव्हा गुडघेही ताठ होते."

"मी म्हणते, सर," उज्वला म्हणाली. "मला पुन्हा पळू द्या."

सरांनी बोटांवर दिवस मोजले. अर्ज एकतीस तारखेला जायचा होता. "अठ्ठावीसचा रविवार. दोन तास. एक सेकंदही वर नाही."

"नको मला सेकंद," ती म्हणाली.

मधल्या अडीच आठवड्यांत काही चमत्कार झाला नाही. सिनेमात अशा वेळी माणूस डोंगर चढतो आणि मागे ढोल वाजतात. उज्वला पहाटे साडेचारला उठली, पळाली, डबा केला, सवलतीचे चार तास खिडकीत बसली, यशश्रीचा अभ्यास घेतला आणि झोपली. बदललं ते एवढंच, की कमळाबाईंच्या बागेपाशी मनाने गाणं सुरू केलं की ती मोठ्याने म्हणे, "तीसच." बागेत छाटणी करणाऱ्या बायका पहिल्या दिवशी दचकल्या. तिसऱ्या दिवसापासून त्याच आधी ओरडू लागल्या, "ताई, तीसच!" कशाबद्दल ते त्यांना माहीत नव्हतं, पण बाई पळतेय आणि ओरडतेय, तर साथ द्यावी. एवढं माणुसकीला कळतं.

एखाद्या दिवशी ती हरलीही. एका गुरुवारी तर पाटाच्या पुलावर कठड्याला टेकून पाच मिनिटं बसली आणि म्हणाली, खिडकीतही पंखा असतो की. मग उठली. चिकाटी चिकाटी म्हणतात ती हीच. तिचं चित्र काढता येत नाही.

अठ्ठावीस तारखेला मारुतीपाशी सर आले, आणि स्कूटरवर मागे चहाचा थर्मास मांडीवर घेऊन काकूही आल्या. "मी मोजलेल्या रस्त्यावर पोर पळणार आणि मी घरी बसू?" ज्ञानेश पाण्याच्या बाटल्या घेऊन सायकलवर हजर. त्याने उज्वलाच्या कानात हळूच सांगितलं, "सांगितलं नाय ना अजून? वेडी हायेस. असू दे. तू खऱ्या अंतराचा हिशोब मनात धर आणि निवांत पळ." त्याच्या प्रेमळ चेहऱ्याकडे बघून उज्वला नुसती हसली. आता झाकलेल्या मुठीत तिची एक जास्तीची मूठ होती.

पहिली फेरी चाळीस दहा. दहा सेकंद वर. दुसरी एकोणचाळीस पंचावन्न. म्हणजे अजून पाच सेकंदांचं देणं डोक्यावर. तिसऱ्या फेरीत बागेच्या बायकांनी ओरडायला सुरुवात केली तेव्हा तिला त्यांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटले. नडगी ठणकू लागली. हे जुनं की नवं, याचा अंदाज घेत ती अर्धा किलोमीटर पळाली आणि ठरवलं, जुनंच. पाटाचा पूल मागे पडला. खरे तीस संपतात ती जागा तिला पावलापर्यंत पाठ होती. तिथे एक बाभूळ होती. इतकी वर्षं त्या बाभळीने तिला सावली दिली होती, थांब म्हटलं होतं. बाभूळ आली. उज्वलाने तिच्याकडे बघितलंही नाही. मान खाली घातली आणि सुटली.

शेजारी सायकल मारता मारता ज्ञानेशला धाप लागली. "अगं, झालं की!" तो ओरडला. "झालं तुझं!"

झालं नव्हतं. सरांच्या हातातलं घड्याळ थांबलं तेव्हा झालं. एक तास एकोणसाठ मिनिटं एकोणपन्नास सेकंद.

उज्वला मारुतीच्या पाराला धरून उभी राहिली. तिला हसायचं होतं, पण आधी उलटी झाली. मग हसली. सरांनी घड्याळ तिच्यापुढे धरलं, आणि तिने त्यांचं मनगट पकडून आकडे दोनदा वाचले. अर्ज त्यांच्या पिशवीत होता. पाराच्या दगडावर ठेवूनच त्यांनी सही केली. "मला वाटलं नव्हतं तुला जमेल," ते म्हणाले. "खरं सांगतो. फार बरं वाटलं मला, फार." आणि त्यांनी रुमालाने नाक शिंकरलं.

काकू पाराच्या पलीकडे थर्मासचं घट्ट झाकण उघडत होत्या. ज्ञानेशने सायकल उभी केली आणि आनंदाने त्याला कसलं भानच उरलं नाही. सर दोन हातांच्या अंतरावर उभे आहेत हे विसरून तो उज्वलाला म्हणाला, "अगं, खरे तीस धरलेस तर एक छप्पन्नच झाले तुझे! बघितलंस? तू तेव्हाही पास होतीस आणि मी पण..."

तो एकदम थांबला. सर त्याच्याकडे बघत होते.

 सरांनी आयुष्यात कुणाला एक सेकंद सोडला नव्हता. पुतण्याला नाही, तिला नाही. आता ते खरं बोलणार, आणि ज्ञानेशदादाची झोप कायमची जाणार.

"चाळीस सेकंद जास्त होते ना रे तुझे?" सरांनी विचारलं.

"हो सर," ज्ञानेश खाली बघत म्हणाला. "दोन हजार अकरा."

सरांनी एकवार काकूंकडे बघितलं. मग ज्ञानेशच्या खांद्यावर हात ठेवला. "तू पास होतास," ते हळूच म्हणाले. "रस्ता मोजण्यात माझीच चूक झाली होती. मी यायला हवं होतं तुझ्याकडे. आलो नाही. मला माफ कर, ज्ञानेश."

 "नाही हो सर, तुम्ही कशाला..." ज्ञानेश म्हणाला. एकोणचाळीस वर्षांचा तो गडी मटकन पारावर बसला आणि गळ्यातला टॉवेल तोंडावर धरून लहान मुलासारखा रडू लागला. उज्वलाने सरांकडे बघितलं. सरांनी नजर दुसरीकडे वळवली. त्यांचे कान लाल झाले होते.

काकू कप घेऊन आल्या. "अगं बाई! पळाली ती, आणि रडतोय हा? झालं काय याला?"

"काही नाही, काकू," उज्वला म्हणाली. "चहा द्या त्याला."

काकूंनी पहिला कप ज्ञानेशला दिला.